मिखाईल प्रोखोरोव : उद्योगजगतातून रशियाच्या राजकारणात

रशियातील आघाडीचे उद्योगपती मिखाईल प्रोखोरोव यांनी २०११ ते २०१५ या काळात सक्रिय राजकारणात भाग घेतला. सत्तेच्या संमतीशिवाय एखाद्या धनाढ्य उद्योजकाला रशियात स्वतंत्र राजकीय शक्ती उभी करता येईल का, या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांची ही वाटचाल महत्त्वाची मानली जाते.

प्रोखोरोव यांचा जन्म १९६५ साली मॉस्को येथे झाला. तेथील वित्त संस्थेतून १९८९ मध्ये पदवी घेतल्यानंतर ते बँक व्यवसायात आले. व्लादिमीर पोतानिन यांच्या साथीने त्यांनी नोरिल्स्क निकेल या खाण उद्योगावर ताबा मिळवला. १९९५ साली रशियन सरकारने कर्जाच्या बदल्यात सरकारी उद्योगांचे समभाग तारण ठेवण्याची योजना राबवली, तिचाच हा परिणाम होता. २००८ मध्ये प्रोखोरोव यांनी या कंपनीतील आपला हिस्सा विकला. २०१० मध्ये त्यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी नेट्स या बास्केटबॉल संघाची बहुसंख्य मालकी घेतली.

रशियात उद्योगपतींचे राजकारण हा नाजूक विषय आहे. युकोस या तेल कंपनीचे प्रमुख मिखाईल खोदोरकोव्स्की हे विरोधी पक्षांना आर्थिक साहाय्य करीत असत. ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांना अटक झाली आणि त्यानंतर दहा वर्षे ते कैदेत होते. या घटनेनंतर बहुतेक बडे उद्योजक राजकारणापासून दूर राहिले.

या पार्श्वभूमीवर जून २०११ मध्ये प्रोखोरोव यांनी उद्योगस्नेही आणि उदारमतवादी 'प्रावोये देलो' पक्षाचे नेतृत्व स्वीकारले. मात्र अवघ्या तीन महिन्यांतच पक्षात फूट पडली. येकातेरिनबर्गचे कार्यकर्ते येवगेनी रोइझमान यांच्या उमेदवारीवरून मतभेद विकोपाला गेले. हा पक्ष क्रेमलिनच्या हातातील बाहुले असल्याचा आरोप करून सप्टेंबरमध्ये प्रोखोरोव पक्षातून बाहेर पडले. अध्यक्षीय प्रशासनातील अधिकारी व्लादिस्लाव सुर्कोव हेच सूत्रे हलवीत असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

४ डिसेंबर २०११ रोजी झालेल्या संसदीय निवडणुकीत गैरप्रकार झाल्याच्या आरोपांवरून मॉस्कोत मोठी निदर्शने झाली. त्याच महिन्यात प्रोखोरोव यांनी अध्यक्षपदाची निवडणूक अपक्ष म्हणून लढवण्याची घोषणा केली. त्यासाठी तेव्हाच्या नियमानुसार २० लाख मतदारांच्या सह्या आवश्यक होत्या. निवडून आल्यास खोदोरकोव्स्की यांना माफी देण्याचे आश्वासन त्यांनी दिले. ते क्रेमलिनच्याच संमतीने उभे असून असंतुष्ट मध्यमवर्गाची मते वळवण्याचा हा डाव असल्याची टीका विरोधी गोटातून झाली. प्रोखोरोव यांनी ती फेटाळली.

४ मार्च २०१२ रोजी झालेल्या मतदानात व्लादिमीर पुतिन सुमारे ६४ टक्के मते मिळवून विजयी झाले. कम्युनिस्ट नेते गेन्नादी झ्युगानोव दुसऱ्या स्थानी राहिले. प्रोखोरोव यांना ५७ लाखांहून अधिक, म्हणजे जवळपास ८ टक्के मते मिळाली आणि ते तिसरे आले. मॉस्को शहरात मात्र २० टक्क्यांहून अधिक मते घेऊन त्यांनी दुसरे स्थान पटकावले. राजधानीतील सुशिक्षित मतदार पर्यायाच्या शोधात असल्याचे या निकालातून दिसून आले.

त्याच वर्षी पक्षनोंदणीचे नियम शिथिल झाले. सदस्यसंख्येची अट ४० हजारांवरून ५०० वर आली. त्यानंतर प्रोखोरोव यांनी 'नागरी मंच' हा पक्ष स्थापन केला. सप्टेंबर २०१३ मध्ये या पक्षाच्या पाठिंब्याने रोइझमान येकातेरिनबर्गचे महापौर झाले. मात्र स्वतः प्रोखोरोव मॉस्कोच्या महापौरपदाच्या निवडणुकीत उतरले नाहीत. परदेशी मालमत्तेवर निर्बंध घालणाऱ्या नव्या कायद्याची अट मुदतीत पूर्ण करणे शक्य नसल्याचे कारण त्यांनी दिले.

यानंतर पक्षाची धुरा काही काळ त्यांच्या भगिनी, प्रकाशिका इरिना प्रोखोरोवा यांच्याकडे होती. २०१४ साली क्रिमियाच्या विलीनीकरणानंतर पक्षातील मतभेद तीव्र झाले आणि इरिना यांनी नेतृत्व सोडले. २०१५ च्या आरंभी पक्षाच्या नव्या नेत्यांनी मॉस्कोतील युक्रेनच्या मैदान आंदोलनविरोधी मोर्चात भाग घेतला. त्यानंतर प्रोखोरोव यांनीही आपणच स्थापन केलेल्या पक्षाशी संबंध तोडले.

पैसा, प्रसिद्धी आणि लाखो मते हाती असूनही, ज्या संस्थांच्या आधारे राजकारण उभे राहते त्यांवर सत्तेचेच नियंत्रण असेल तर त्यांचे बळ अपुरे पडते, हे प्रोखोरोव यांच्या चार वर्षांच्या वाटचालीने दाखवून दिले.