दोन वाक्यांची टक्कर : एका पत्त्यांच्या खेळातील अर्थनिर्णयाचा इतिहास

एखाद्या संहितेतील दोन वाक्ये, आपापल्या जागी निर्दोष असूनही, एकाच प्रसंगी परस्परविरुद्ध आज्ञा देऊ लागली तर त्यांतील कोणते मानायचे? मीमांसकांनी हा प्रश्न वेदवाक्यांच्या संदर्भात विचारला, वैयाकरणांनी सूत्रांच्या संदर्भात विचारला आणि न्यायालयांपुढे तो रोज येतो. साहित्याच्या अभ्यासकांना मात्र तो इतक्या निकडीने सहसा भेटत नाही. कवितेतील दोन ओळी एकमेकींना छेद देत असतील तर त्या विसंगतीला आपण अनेकार्थता म्हणतो आणि तिचे स्वागतही करतो. परंतु अर्थ ठरल्याशिवाय जेथे पुढचे पाऊलच टाकता येत नाही, तेथे वाचनाचे स्वरूप कसे बदलते? हे पाहण्यासाठी आम्ही येथे एक काहीसे अनपेक्षित उदाहरण घेत आहोत. ते आहे १९९३ पासून खेळल्या जाणाऱ्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचे.

रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने हा खेळ रचला आणि 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने तो प्रसिद्ध केला. दोन मांत्रिकांचे द्वंद्व ही त्याची मूळ कल्पना. प्रत्येक खेळाडू आपल्या संग्रहातून निवडलेले पत्ते घेऊन येतो. काही पत्ते लढणारे जीव पटावर आणतात, काही आघात करतात, काही मांडलेल्या डावाचे स्वरूपच पालटतात. बुद्धिबळात नियम पुस्तिकेत असतात आणि सोंगट्या मुक्या असतात. येथे प्रत्येक पत्त्यावर एक वाक्य छापलेले असते आणि ते वाक्य नियमाइतकेच बोलके असते. किंबहुना या खेळाचा आद्य नियमच असा आहे की, पत्त्यावरचा मजकूर सर्वसाधारण नियमाच्या विरुद्ध जात असेल तर पत्ता खरा मानावा. म्हणजे नियमपुस्तिका हा उत्सर्ग आणि प्रत्येक पत्ता हा संभाव्य अपवाद. पहिल्या आवृत्तीत असे २९५ पत्ते होते. आज निरनिराळ्या पत्त्यांची संख्या २५,००० च्या पुढे गेली आहे. केवळ दोन-दोन पत्त्यांच्या जोड्या मोजल्या तरी त्या ३१ कोटींहून अधिक भरतात. कोणत्याही लेखकाने यांतील प्रत्येक जोडीचा विचार करून वाक्ये लिहिली असतील, हे संभवतच नाही.

आरंभीच्या काळात लेखकाचा हेतू हाच निर्णयाचा आधार होता. 'टाइम वॉक' या पत्त्याची एक कथा गारफील्ड यांनीच सांगितली आहे. छपाईपूर्व चाचणीतल्या पत्त्यावर जे छोटे इंग्रजी वाक्य होते, त्याचा लेखकाला अभिप्रेत अर्थ असा होता की प्रतिस्पर्धी आपली पुढची पाळी गमावतो. परंतु त्याच शब्दांचा दुसरा अन्वयही तितकाच व्याकरणशुद्ध होता : पुढच्या पाळीत प्रतिस्पर्धी डावच हरतो! एका खेळाडूने तो दुसरा अर्थ घेतला आणि हा पत्ता इतका प्रबळ कसा, असे त्याला वाटले. कर्म आणि कालवाचक पद यांतला हा संदेह होता. छापील पत्त्यावर 'खेळणाऱ्याला आणखी एक पाळी मिळते' अशा आशयाचे वाक्य आले आणि प्रश्न मिटला. लेखक हाताशी असेपर्यंत हे सोपे असते. १९९४ मध्ये मिल्वॉकी येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९९६ मध्ये न्यूयॉर्कपासून रोख बक्षिसांची व्यावसायिक मालिका सुरू झाली, आणि मग लेखकाला विचारून निर्णय देणे व्यवहारात अशक्य ठरले. दोन शहरांत, दोन पंचांपुढे, एकाच पत्त्याचा अर्थ दोन प्रकारे लागणे हा आता केवळ वाचनभेद राहिला नव्हता. तो अन्याय होता.

या अडचणीवर पहिले उत्तर निघाले ते पत्त्यागणिक खुलाशांचे. एक शंका, एक खुलासा. दुसरी शंका, दुसरा खुलासा. जुन्या नियमांत 'इन्स्टंट' आणि 'इंटरप्ट' असे तात्काळ मंत्रांचे दोन वर्ग होते, त्यांचे वेगही निराळे होते. मंत्रांचा एक गट उलगडू लागला की तो संपेपर्यंत त्यात कोणाला भर घालता येत नसे. अशा व्यवस्थेत खुलाशांचा ढीग वाढत गेला आणि त्यातून सामान्य तत्त्व मात्र हाती येईना.

१९९९ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीने हा ढीग बाजूला सारून एक यंत्रणा आणली. तिला इंग्रजीत जे नाव आहे त्याला मराठीत 'चळत' हा शब्द नेमका बसतो. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट पहिल्यांदा उचलले जाते; तसा शेवटी उच्चारलेला मंत्र पहिल्यांदा फळतो. एक साधे उदाहरण घेऊ. एका खेळाडूचे अस्वल पटावर आहे. त्याचे बळ दोन आणि तग दोन. प्रतिस्पर्धी त्यावर तीन आघातांची वीज टाकतो. वीज पडण्यापूर्वी अस्वलाचा धनी त्या पाळीपुरते बळ आणि तग तीन-तीनने वाढवणारा मंत्र म्हणतो. हा मंत्र नंतरचा, म्हणून आधी फळतो. अस्वलाची तग पाच होते आणि ते वाचते. आता क्रम उलटा करू. धन्याने आधी वाढीचा मंत्र म्हटला आणि त्याला उत्तर म्हणून प्रतिस्पर्ध्याने वीज टाकली, तर वीज आधी पडते, अस्वल मरते आणि वाढीच्या मंत्राला लक्ष्यच उरत नाही. पत्ते तेच, वाक्येही तीच. निकाल मात्र विरुद्ध. शिवाय चळतीतला एकेक मंत्र फळल्यावर दोन्ही खेळाडूंना पुन्हा बोलण्याची संधी मिळते. 'या वाक्याचा अर्थ काय?' या प्रश्नाच्या आधी 'हे वाक्य केव्हा बोलले गेले?' हा प्रश्न आला, ही या सुधारणेची खरी देणगी होय.

परंतु चळत केवळ घटनांचा क्रम लावते. जी वाक्ये एकदा घडून संपत नाहीत, पटावर सतत लागू राहतात, त्यांचे काय? 'ब्लड मून' (१९९४) हा पत्ता सांगतो की मूलभूत नसलेली प्रत्येक भूमी 'पर्वत' आहे. 'अर्बोर्ग' (२००७) ही स्वतःच तशी एक भूमी असून ती सांगते की प्रत्येक भूमी, तिच्या इतर प्रकारांसह, 'दलदल'ही आहे. दोन्ही एकत्र आल्यावर कोणाचे ऐकावे? अशा वाक्यांसाठी नियमांत सात थर कल्पिले आहेत : नक्कल, ताबा, मजकुरातील बदल, प्रकार, रंग, गुण आणि शेवटी बळ व तग. सर्व वाक्ये या क्रमाने लावायची. एकाच थरात दोन वाक्ये आली तर आधीचे आधी लावायचे आणि नंतरचे नंतर, म्हणजे साहजिकच नंतरच्याची छाप टिकते. मात्र एक वाक्य लावल्याने दुसऱ्याचे अस्तित्वच बदलणार असेल, तर कालक्रम बाजूला ठेवून ते पहिले वाक्य आधी लावायचे. 'ब्लड मून' लावला की अर्बोर्ग निव्वळ पर्वत होते आणि तिचे स्वतःचे वाक्य गळून पडते. म्हणून अर्बोर्ग आधी आली असो वा नंतर, 'ब्लड मून'चीच सरशी होते.

पंचांच्या वर्तुळात याहून प्रसिद्ध असलेली टक्कर 'ह्युमिलिटी' (१९९७) आणि 'ओपॅलेसेन्स' (१९९९) यांची आहे. पहिला पत्ता म्हणतो, सर्व जीव आपले गुण गमावतात आणि त्यांचे बळ व तग एक-एक होते. दुसरा म्हणतो, पटावरचे इतर स्थायी मंत्र हेही जीव आहेत आणि त्यांचे बळ व तग त्यांच्या किमतीएवढी आहे. ह्युमिलिटी हा स्वतः स्थायी मंत्र आहे. म्हणजे तो जीव झाला. जीव झाला म्हणून आपल्याच वाक्याने निर्गुण झाला. आणि निर्गुण झाला तर इतरांचे गुण हिरावणार कोण? 'मी खोटे बोलतो आहे' या जुन्या विरोधाभासाचे हे पत्त्यांतले रूप. थर लावले की गाठ सुटते. चौथ्या थरात ह्युमिलिटी जीव होतो. सहाव्या थरात तो स्वतःसह सर्वांचे गुण काढून घेतो. पण एका थरात लागू होऊ लागलेले वाक्य पुढच्या थरांतही पूर्ण होते, असा नियम असल्याने त्याचे उरलेले काम थांबत नाही. सातव्या थरात दोन्ही वाक्ये बळाविषयी बोलतात, तेथे कालक्रम पाहायचा. ह्युमिलिटी नंतर आला असेल तर तो स्वतः एक-एक होतो. ओपॅलेसेन्स नंतर आला असेल तर चार किमतीचा ह्युमिलिटी चार-चार होतो. साधे जीव दोन्ही वेळा एक-एकच राहतात. येथे विरोधाभासाचे तत्त्वज्ञान कोणी सोडवलेले नाही. त्याचे फक्त टप्पे पाडले आहेत.

मराठी वाचकाला येथे पाणिनीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तुल्यबळ सूत्रांच्या विरोधात 'पर' कार्य करावे, असे अष्टाध्यायीत सांगितले आहे, आणि परंपरेने 'पर' म्हणजे ग्रंथक्रमात नंतरचे सूत्र असा अर्थ घेतला. पर, नित्य, अंतरंग आणि अपवाद अशी चढत्या बळाची उतरंड पुढे परिभाषांत रूढ झाली. काशीनिवासी महाराष्ट्रीय पंडित नागोजीभट्ट यांचा 'परिभाषेन्दुशेखर' हा या विचाराचा प्रौढ ग्रंथ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. पत्त्यांच्या खेळाने हे सारे वाचून उचलले, असे आम्ही मुळीच सुचवत नाही. थोड्या सूत्रांतून अगणित प्रसंग सांभाळायचे झाले की संहितेला क्रमाचे नियम करावेच लागतात, इतकेच या साम्यावरून दिसते. फरकही महत्त्वाचा आहे. केंब्रिज विद्यापीठात ऋषी राजपोपट यांनी लिहिलेला जो प्रबंध २०२२ मध्ये गाजला, त्यात 'पर' म्हणजे ग्रंथातील नंतरचे सूत्र नसून शब्दाच्या उजवीकडील भागाला लागणारे कार्य, अशी मांडणी आहे. तिच्यावर विद्वानांत मतभेद झाले. विरोध मिटवणारे सूत्रही शेवटी वाचावेच लागते, आणि पाणिनीला विचारण्याची सोय नाही.

खेळाला ती सोय आहे, आणि तिची किंमतही त्याने मोजली आहे. आज प्रत्येक पत्त्याचा अधिकृत पाठ कंपनीच्या सूचीत असतो. पत्त्यावर छापलेला मजकूर प्रमाण नसतो. १९९३ च्या पत्त्यावर 'इंटरप्ट' छापलेले असले तरी तो आज 'इन्स्टंट'च होय. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखितांच्या गर्दीतून शक्य तितक्या प्राचीन पाठाचा शोध घेतला. येथे न्याय नेमका उलटा : सर्वांत नवा पाठ तोच खरा. परिणामी खेळाडूच्या हातात जे आहे ते त्याला वाचता येते, पण त्यावर विसंबता येत नाही. न्याय सर्वत्र सारखा झाला, आणि त्याच वेळी तो सामान्य वाचकाच्या डोळ्यांपासून दूर गेला. आमच्या मते या इतिहासातला खरा पेच हाच आहे.

हा पेच कंपनीलाही जाणवला असावा, असे २००९ च्या निर्णयावरून वाटते. १९९९ नंतर झुंजीतले आघातही चळतीवर ठेवले जात. त्यामुळे 'मॉग फॅनॅटिक'सारखा छोटा जीव आपला आघात चळतीवर ठेवून, तो पोहोचण्यापूर्वीच आत्मबलिदान करी आणि बलिदानाचा आणखी एक आघात मिळवी. तो पटावर नसतानाही त्याचा पहिला आघात मात्र पोहोचे. जाणकारांना ही चाल प्रिय होती. नवख्याला मात्र मेलेला जीव मारतो कसा, हे कळत नसे. २००९ मध्ये झुंजीचे आघात चळतीवरून काढले गेले आणि ते तत्क्षणी होऊ लागले. यंत्रणेच्या दृष्टीने जुना नियम अधिक एकसंध होता, यात शंका नाही. तरीही नियम वाचकाला गोष्टीसारखा कळला पाहिजे, या आग्रहापुढे एकसंधता एक पाऊल मागे सरली. अनेक कसलेले खेळाडू त्या वेळी नाराज झाले. आम्हांला मात्र तो निर्णय योग्य वाटतो. केवळ अधिकाऱ्यांनाच कळणारा नियम अचूक असला तरी ज्याच्यावर तो लागू होतो त्याला तो लहरीसारखाच भासतो.

यंत्रणा कितीही पूर्ण केली तरी तिलाही मर्यादा आहे. २०१९ मध्ये ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी दाखवून दिले की, या खेळात पत्त्यांची अशी मांडणी करता येते की तिच्यातून कोणत्याही संगणकाचे गणित घडवता येईल. अर्थात, दिलेल्या स्थितीतून कोण जिंकेल हे नेहमीच सांगू शकेल अशी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. प्रत्येक पाऊल नियमाने बांधलेले, आणि शेवट मात्र कोणत्याही नियमाच्या आवाक्याबाहेर!

प्रत्यक्ष स्पर्धेत अर्थातच इतक्या टोकाला कोणी जात नाही. तेथे हात वर होतो, पंच येतो, पटाकडे पाहतो, कोण केव्हा काय म्हणाले ते दोघांकडून ऐकून घेतो आणि निर्णय देतो. तो पटला नाही तर मुख्य पंचाकडे जाता येते. त्याचा शब्द त्या स्पर्धेपुरता अंतिम. अडीचशेहून अधिक पानांची नियमसंहिता पाठीशी असूनही घडलेली हकीकत नीट ऐकून घेण्याचे काम माणसालाच करावे लागते. वाङ्मयाच्या वर्गात आपण अर्थाच्या अनेकत्वाविषयी बोलतो तेव्हा, एकच अर्थ लावणे भाग असलेल्या वाचकांचा हा तीस वर्षांचा खटाटोपही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्ही सुचवू इच्छितो.