उजवी कमान कडक का?

मंडळी, आपल्या बोईसरच्या एमआयडीसीतून भरलेला ट्रक सुटताना बघा. क्लच सुटला की सांगाडा किंचित पीळ खातो. इंजिन लांब शाफ्टमधून मागच्या अ‍ॅक्सलला एका बाजूला पिळतं, बॉडी उलट्या बाजूला कलते.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्रॅग रेसवाल्यांची नेमकी हीच अडचण होती. पाव मैल सरळ धावायचं, बस! पण सुटतानाच मागचं उजवं चाक हलकं होऊन जागीच गरगरायचं आणि गाडी तिरकी जायची. क्रायस्लरने त्यावर ट्रकवाल्यांच्या ओळखीचाच उपाय केला: पाट्यांच्या कमानी, पण उजवी डावीपेक्षा कडक. बॉडी उजवीकडे बसायला लागली की तीच कमान ते चाक रस्त्यावर दाबणार. मला हे लोहारकामातलं शहाणपण वाटतं. पुढे अँटी-रोल बारने दोन्ही चाकांवरचा भार सारखा केला.

आपल्या पद्मिनीलाही मागे कमानीच होत्या. पण तिच्या इंजिनात एवढा जोर कुठला! १९८३मध्ये मारुती ८०० आली. इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना, लांब शाफ्टच गेला. अशा गाडीने ड्रॅग करायचं तर गणित उलटं: सुटताना भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात. म्हणून मागच्या स्प्रिंगा कडक करतात, गाडी मागे बसू नये यासाठी.