तपासणीचा धाक

मैत्रिणींनो, गरोदरपणी आपली एचआयव्ही तपासणी होतेच. पुरुषांना मुद्दाम जावं लागतं. त्यातही ज्यांचा जीव पुरुषावर जडतो, ते बदनामीला भितात. काहींच्या घरी बायकोही असते.

अशांसाठी अशोक राव कवी आणि सोबत्यांनी १९९४ साली मुंबईत हमसफर ट्रस्ट काढला. तेव्हा ३७७ कलमानं हे संबंध गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला तो डाग पुसला. चारच दिवसांनी एचआयव्ही कायदा लागू झाला: संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल फोडायचा नाही.

पण पारावरची कुजबुज कायद्यानं थांबते का? म्हणून आम्हाला घरी तपासायच्या किटचं मोल वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ सालीच त्याची शिफारस केली. गरोदरपणाच्या पट्टीसारखंच, दोन रेघा दिसतात. मात्र दोन दिसल्या तरी सरकारी दवाखान्यात पक्की तपासणी लागते. तिथं औषध मोफत मिळतं.