पहिल्या वर्षाचे विषय आणि एडिंबरोच्या सात जणी

कोणाची लेक, कोणाची पुतणी डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला गेली की घरात जाडजूड पुस्तके येतात आणि त्यांच्या मागोमाग हाडेही येतात. ती कोठे ठेवावीत यावर आजीबाईंचे आणि नातीचे दोन दिवस वाजते. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे पहिल्या वर्षाचे विषय. औषध देणे पुढचे. निरोगी देह कसा घडला आहे व कसा चालतो, हे आधी कळले पाहिजे. पण भगिनींनो, हेच विषय शिकू द्या म्हणून एके काळी बायकांना केवढे भांडावे लागले, ते ऐकण्यासारखे आहे.

1869 साली सोफिया जेक्स-ब्लेक या बाईंनी स्कॉटलंडातील एडिंबरो विद्यापीठाकडे प्रवेश मागितला. एकट्या बाईसाठी सोय करता येत नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून हाक देऊन सोबतिणी मिळवल्या. आधी पाच झाल्या, पुढे सात. पुरुषांबरोबर बसावयाचे नाही, वर्ग निराळा, आणि त्यापायी फीही जास्त!

पहिल्या हिवाळ्यात रसायन व शरीरक्रिया हे विषय झाले. रसायनाच्या परीक्षेत, तो विषय प्रथमच घेणाऱ्या साऱ्या विद्यार्थ्यांत एडिथ पीची पहिली आली. तिला होप शिष्यवृत्ती मिळावयाची. तीत प्रयोगशाळा विनामूल्य वापरण्याची सवलत होती. प्राध्यापकांनी पदक दिले, पण शिष्यवृत्ती दिली खालच्या क्रमांकाच्या मुलाला. कारण काय, तर बायकांचा वर्ग वेगळ्या वेळी भरत होता! वेगळा वर्ग काय त्यांनी हौसेने मागितला होता? गंमत अशी की, होप नावाच्या ज्या प्राध्यापकांनी ही देणगी दिली, त्यांनी तिचा पैसा पूर्वी बायकांसाठी दिलेल्या व्याख्यानांच्या फीतून जमवला होता.

खरा कडेलोट झाला तो शरीररचनेवर. प्रेताला हात लावणाऱ्या बायका म्हणजे लाज सोडलेल्या, असे तिथल्या सभ्य लोकांनाही वाटे. (आपल्याकडे कलकत्त्यास 1836 साली मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले तेव्हा धर्माची अडचण होती, तिकडे ती सभ्यतेची.) 18 नोव्हेंबर 1870 रोजी सर्जन्स हॉलमध्ये शरीररचनेची परीक्षा होती. या बायका पोहोचल्या तो रस्त्यावर शेकडोंचा जमाव. चिखल आणि शिव्या अंगावर आल्या, फाटक तोंडावर आपटले गेले. कोणी भल्याने ते आतून उघडले, तेव्हा त्या आत शिरल्या. परीक्षा चालू असताना टारगट पोरांनी एक मेंढी आत ढकलली. परीक्षकांनी तिला बाहेर काढू दिले नाही. जे तिला आत पाठवतात त्यांच्यापेक्षा तिला अक्कल जास्त आहे, असे ते म्हणाल्याचे सांगतात. बायकांनी पेपर पुरा केला.

एवढे करूनही पदवी मिळाली नाहीच. 1873 साली न्यायालयाने, विद्यापीठाने यांना घेतलेच कसे, असा निकाल दिला. मग एडिथ पीची स्वित्झर्लंडात बर्नला गेली आणि 1877 साली एम. डी. झाली. सोफियाबाईंनी तोवर, 1874 साली, लंडनला बायकांसाठी निराळे वैद्यकीय विद्यालयच उभे केले.

आता आपल्या घराकडे वळू. हीच एडिथ पीची 1883 साली मुंबईस आली. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या होत्या. बायकामुलांसाठी बांधलेले कामा इस्पितळ 1886 साली उघडले, त्याची धुरा पीचीबाईंनी वाहिली. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदावयास जाणार नाही म्हणून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंच्या पाठीशी ज्या मंडळी राहिल्या, त्यांत पीचीबाई होत्या. रखमाबाई 1889 साली लंडनला, सोफियाबाईंनी काढलेल्या त्याच विद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्यांना शरीररचनेच्या वर्गात कोणी अडवले नाही. 1894 साली त्या डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेस रुग्णसेवेला लागल्या.

एडिंबरो विद्यापीठाने त्या सात जणींना वैद्यकाची सन्माननीय पदवी दिली ती 2019 साली. ती घ्यावयास त्यांच्यातली एकही उरली नव्हती. आजच्या विद्यार्थिनींनी त्यांच्या वतीने घेतली.