प्रश्नावली आणि पाठभेद

भंडारा शहरातून वैनगंगा ओलांडली की पलीकडच्या तीरावर कारधा लागते. पावसाळ्यात या गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही ऐकू येते, कारण वैनगंगेच्या पुराची पातळी कारध्याच्या पुलाजवळ मोजली जाते. पाणी मोजपट्टीच्या कोणत्या रेषेला लागले ते पाहायचे आणि आकडा लिहायचा. मोजणारा बदलला म्हणून नदीचे उत्तर बदलत नाही. त्याच गावात घरोघर जाऊन 'तुमच्याकडे महिन्याला तांदूळ किती लागतो?' असे विचारले, तर मात्र उत्तर केवळ तांदळावर अवलंबून राहत नाही. विचारणारा कोण, तो कशासाठी विचारतो, कोणत्या मापात आणि कोणत्या बोलीत विचारतो, घरातल्या कोणाला विचारतो, या साऱ्यांवर ते ठरते. बाजार-संशोधनाचा इतिहास हा या दुसऱ्या प्रकारच्या मोजणीचा इतिहास आहे. तो अर्थशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या विभागाकडे सोपवून साहित्याच्या अभ्यासकांनी मोकळे व्हावे, असे आम्हांला वाटत नाही. बोललेले वाक्य लिहिले जाताना, लिहिलेले तपासले जाताना आणि तपासलेले छापले जाताना त्याचे काय होते, हा प्रश्न मुळात आपलाच आहे.

या भागात प्रश्न विचारणारे पहिले आले ते बाजारासाठी नव्हे, महसुलासाठी. नागपूरच्या भोसल्यांच्या राज्याविषयीचा रिचर्ड जेन्किन्सचा अहवाल १८२७ चा, आर. व्ही. रसेलने संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ चे. अशा ग्रंथांमागची माहिती पटवारी, मालगुजार आणि अधिकारी यांच्या साखळीतून वर जात असे. पिकाचा आकडा सांगणे म्हणजे साऱ्याला आधार देणे, हे ज्याला ठाऊक आहे तो आकडा जपूनच सांगणार. पुढे सर्वेक्षकांनी ज्याला 'उत्तरातील कल' म्हटले, त्याची मुळे अज्ञानात नव्हती. ती अनुभवात होती.

विक्रीविषयीची चौकशी शासकीय पातळीवर स्वतंत्रपणे सुरू झाली ती त्यानंतर. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने शेतमालाच्या बाजारांची पद्धतशीर पाहणी करावी अशी शिफारस केली. १९३५ मध्ये केंद्र सरकारचे कृषी-पणन सल्लागाराचे कार्यालय उभे राहिले. गव्हाच्या विक्रीवरील अहवाल १९३७ मध्ये, तर भारत व ब्रह्मदेशातील तांदळाच्या विक्रीवरील अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. याच यंत्रणेतून आलेले 'ॲगमार्क' हे चिन्ह आज घराघरांतल्या डब्यांवर दिसते. तिचे एक मोठे कार्यालय पुढे नागपुरात आले.

पुण्यात मात्र हे काम त्याआधीच हाती घेतले गेले होते. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३३ साली पुण्यातील फळांच्या विक्रीची पाहणी प्रसिद्ध केली. लेखक धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. आर. गाडगीळ. मराठी मुलुखातील बाजार-संशोधनाचा आरंभ शोधायचा झाला तर तो या छोटेखानी ग्रंथापाशी शोधावा लागेल. आणि १९३३ हेच साल पुण्यातील दुसऱ्या एका प्रकल्पाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातून वि. सी. सुकथनकरांनी संपादित केलेले महाभारताचे आदिपर्व त्या वर्षी आपल्या प्रस्तावनेसह पूर्ण झाले.

या दोन प्रकाशनांचा एकमेकांशी प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु दोन्हींपुढची अडचण एकच होती: एकाच गोष्टीविषयी अनेक साक्षी, त्यांत मतभेद, आणि छापायचे आहे एकच पान. सुकथनकरांनी जे केले ते आपण वर्गात शिकवतो. स्वीकारलेला पाठ वर, नाकारलेले पाठ खाली तळटीपेत, कोणते हस्तलिखित काय म्हणते याच्या खुणांसह. आणि जिथे संपादकाचीच खात्री नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ. वाचकाला संपादकाचा निर्णय अमान्य करता यावा, एवढी सामग्री त्याच पानावर असे. सर्वेक्षणाच्या कोष्टकाला अशी तळटीप बहुधा नसते.

कोष्टकाआधी काय घडते, ते भंडाऱ्यासारख्या भाताच्या जिल्ह्यात सहज दिसते. घरात साठवण असते ती धानाची. खाण्यात येतो तो तांदूळ. 'किती लागतो' या प्रश्नाला एक घर धानात उत्तर देईल, दुसरे तांदळात. जुनी मापे खंडी, कुडो, पायली ही आकारमानाची. एका पायलीत बसणाऱ्या निरनिराळ्या धान्यांचे वजन सारखे नसते. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली, पण तोंडातले माप कायद्याबरोबर बदलत नाही. मग कार्यालयात बसलेला तपासनीस धानाचे तांदळात, पायलीचे किलोत रूपांतर करतो. जे उत्तर फारच मोठे किंवा फारच लहान वाटते, ते 'दुरुस्त' करतो किंवा बाजूला ठेवतो. जे कोणत्याच रकान्यात बसत नाही त्याला 'इतर' असा संकेतांक देतो. या कामाला आकडे स्वच्छ करणे म्हणतात. ते आवश्यक आहे, त्यावाचून बेरीजच होणार नाही. परंतु ते संपादन आहे, आणि संपादकाला आपल्या निवडीचा जाब द्यावा लागतो.

सीमेवरच्या निवडी किती मोठा फरक पाडतात, हे पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या बाबतीत दाखवले. उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी शेतातला लहानसा तुकडा आखून त्यातले पीक कापून तोलत. १९४० च्या दशकात सुखात्म्यांनी असे मांडले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्याहून जास्त येते. कारण उघड आहे. रेषेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात त्याला आत घेतो. आणि तुकडा जितका लहान, तितका त्याच्या कडेचा वाटा मोठा. यात कोणीही खोटे बोललेले नसते. तरीही संपूर्ण प्रांताचा आकडा फुगतो.

प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा मार्ग निराळा होता. एकाच प्रदेशाचे दोन स्वतंत्र नमुने दोन वेगळ्या तुकड्यांकडून तपासून घ्यायचे. दोन्ही निष्कर्षांतले अंतर म्हणजे चुकीचा अंदाज. भाषेच्या अभ्यासकाला हे दोन शाखांच्या हस्तलिखितांची तुलना करण्यासारखेच वाटेल. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या पहिल्या फेरीसाठी देशातील १,८३३ खेडी निवडली होती. त्यांपैकी काहींत कलकत्त्यात, तर काहींत पुण्यात गोखले संस्थेत तयार झालेली अनुसूची वापरली गेली. पुण्याच्या अनुसूचींवरचा वि. म. दांडेकरांचा अहवाल १९५३ मध्ये स्वतंत्रपणे छापला गेला. एकाच पाहणीला दोन प्रश्नावल्या लावणे, आणि त्यांपैकी एकीचा हिशेब वेगळा मांडणे, हे सर्वेक्षणाच्या इतिहासात पाठभेद जपण्याचे दुर्मीळ उदाहरण आहे.

पुढे ही विद्या व्यापाराकडे गेली. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने बडोद्यात १९६० साली 'ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप' आणि मुंबईत १९७० साली 'इंडियन मार्केट रिसर्च ब्यूरो' उभे राहिले. १९७० च्या दशकात राष्ट्रीय वाचक सर्वेक्षणही सुरू झाले. त्याचा विषय तर थेट आपला. वाचक म्हणजे कोण? नियतकालिक विकत घेणारा, ते हाती घेऊन चाळणारा, की पानटपरीवर दुसऱ्याने मोठ्याने वाचलेली बातमी ऐकणारा? जाहिरातदाराला एकच संख्या हवी असते, म्हणून सर्वेक्षकाला एक व्याख्या घ्यावी लागते. आणि ऐकणारा बहुधा तिच्या बाहेर राहतो. मौखिक परंपरेवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हवी.

प्रश्नाचा काळ बदलला तरी उत्तर बदलते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० मधील ५५ व्या फेरीत खाद्यपदार्थांच्या खर्चाविषयी गेल्या ७ दिवसांचे आणि गेल्या ३० दिवसांचे असे दोन प्रश्न एकाच घरी शेजारीशेजारी विचारले गेले. एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली असावी, असा आक्षेप आला. आणि देशातली गरिबी किती घटली या वादाचा बराचसा भाग त्या दोन रकान्यांपाशी अडून राहिला. त्याच वर्षी, १ मे १९९९ रोजी, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. म्हणजे 'भंडारा' या नावाखालचा आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा एका ओळीत ठेवणाऱ्याने आधी तळटीप लिहायला हवी.

आज अनुसूचीचा कागद जाऊन हातात टॅबलेट आला आहे. ठरावीक मर्यादेबाहेरचे उत्तर यंत्र उंबरठ्यावरच अडवू शकते आणि पुन्हा विचारायला सांगते. यामुळे लेखनातल्या चुका कमी होतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु पूर्वी तपासनिसाने लाल शाईने खोडलेले उत्तर निदान कागदावर शिल्लक राहत असे. आता विक्षिप्त वाटणारे उत्तर लिहिले जाण्याआधीच बदलू शकते, आणि पाठभेदाचा पुरावाच उरत नाही. कारध्यासारख्या गावांत काय विकायचे, कोणती योजना न्यायची, कोणती बंद करायची, हे ज्या सारण्यांवरून ठरते, त्या अशाच तयार होतात. तिथल्या माणसाला आपल्या नावावर नोंदलेले वाक्य पुन्हा वाचायला मिळत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठी विभागांनी पाठचिकित्सा शिकवताना एक लहान पाहणीही विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. प्रत्येक उत्तर आधी बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे. भंडाऱ्याकडे असाल तर झाडीबोलीत, 'ण' च्या जागी आलेला 'न' न सुधारता. त्यानंतर त्याला संकेतांक द्यावा, आणि संकेतांक देताना काय गाळले ते शेजारच्या रकान्यात नोंदवावे. अंतिम कोष्टकाबरोबर तो रकानाही छापावा. एका वर्गाला आठवडाभराचे काम आहे, आणि त्यासाठी वहीखेरीज काही लागत नाही.