पिझ्झ्याची घराणी

गाण्याच्या घराण्यांवरून आपल्याकडे जेवढी भांडणे झाली असतील, त्याहून कांकणभर जास्तच अमेरिकेत पिझ्झ्यावरून झाली आहेत. माझा भाचा शिकागोला असतो. त्याच्या जिवावर मी एक अख्खा उन्हाळा तिथे पिझ्झ्याचा इतिहास धुंडाळण्यात घालवला. (बहिणीच्या मते, पिझ्झा खाण्यात. इतिहास-संशोधनात साधने प्रत्यक्ष हाताळावी लागतात, हे घरच्यांना कोण समजावणार?)

शिकागो आपल्याला ठाऊक ते विवेकानंदांमुळे. १८९३ साली त्यांनी ज्या इमारतीत ते भाषण केले, तिथे आता आर्ट इन्स्टिट्यूट आहे. तिथे नमस्कार करून उत्तरेला मैलभर चालत गेलात, की ओहायो आणि वाबॅश ह्या दोन रस्त्यांचा कोपरा लागतो. डीप डिश पिझ्झ्याचे हे जन्मस्थान. साल १९४३.

जन्मकथा अशी सांगतात. आइक स्यूएल हा टेक्सासचा गडी. धंदा दारूच्या कंपनीत. त्याला काढायचे होते मेक्सिकन जेवणाचे हॉटेल. भागीदार रिक रिकार्डो, जातीचा इटालियन आणि मुरलेला हॉटेलवाला. त्याने ते मेक्सिकन जेवण एकदा चाखले आणि त्याचे पोटच बिघडले. मग म्हणाला, त्यापेक्षा पिझ्झा करू! स्यूएलचे म्हणणे, तुमचा तो पातळ पापुद्रा म्हणजे तोंडीलावणे. गड्याचे पोट भरेल असे काहीतरी काढा. ह्या दोन पोटांच्या वाटाघाटीतून डीप डिश निघाला म्हणे. गंमत म्हणजे स्यूएलने आपली मूळ हौस सोडली नाही. वीस वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याने मेक्सिकन हॉटेल काढलेच.

त्या पहिल्या दुकानाचे आजचे नाव ‘पिझ्झेरिया उनो’. उनो म्हणजे एक. पण हे नाव सुरुवातीला नव्हते. १९५५ साली जवळच दुसरे दुकान निघाले, त्याचे नाव ‘दुए’, म्हणजे दोन. आणि मग पहिल्याला ‘उनो’ म्हणायला लागले. बरोबरच आहे. धाकटी सून घरात आल्याशिवाय थोरलीला थोरली कोण म्हणतो?

आता हा पदार्थ करतात कसा ते बघा. खोल लोखंडी थाळ्याला तेल लावायचे, मैद्याचा भिजवलेला गोळा त्यात हाताने थापायचा, थालीपिठासारखा, आणि कडेकडेने वर चढवायचा. त्यावर चीज. चीजवर भाजी नाहीतर मांस. आणि सगळ्यात वर टोमॅटो. म्हणजे जगातल्या शहाण्या पिझ्झ्याच्या बरोबर उलट! मला आधी हा शिकागोकरांचा तऱ्हेवाईकपणा वाटला, पण त्यात शास्त्र आहे. एवढे जाडजूड प्रकरण भाजायला अर्धा-पाऊण तास लागतो. तितका वेळ चीज वर राहिले तर त्याचा कोळसा होईल. म्हणून टोमॅटोची छत्री. तिकडे मूळ पीठ नेपल्सचे. तिथला पिझ्झा धगधगत्या लाकडाच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंदांत तयार. नेपल्स म्हणजे द्रुत तराणा आणि शिकागो म्हणजे विलंबित एकताल. समेवर यायला पाऊण तास, पण येतात तेव्हा दाद द्यावीच लागते.

बाकीची घराणी थोडक्यात. न्यू यॉर्कचे सगळ्यांत मानी. १९०५ च्या लोंबार्डीच्या दुकानापासून परंपरा सांगतात. तिथला तुकडा पातळ, लांब-रुंद, मधोमध दुमडून चालता चालता खायचा. तिथल्या जॉन स्ट्युअर्ट नावाच्या विनोदी माणसाने २०१३ मध्ये दूरदर्शनवर शिकागोच्या पिझ्झ्याची अशी काही निर्भर्त्सना केली, की आमच्या कोल्हापूर-पुणे मिसळवादाची मला माया वाटायला लागली. सेंट लुइसला यीस्टच घालत नाहीत; कुरकुरीत पापड, वर प्रोव्हेल नावाचे चीज, आणि चौकोनी तुकडे. मला आवडत नाही. डेट्रॉइटचा मात्र फार आवडतो. १९४६ साली ‘बडीज’ मध्ये त्यांनी पिझ्झा भाजायला घेतले ते मोटारच्या कारखान्यात सुटे भाग ठेवायचे लोखंडी ट्रे! त्या चौकोनी ट्रेच्या कडेला चीज उतू जाऊन जी खरपूस कड धरते, तिच्यासाठी घरात भांडणे व्हावीत. पिंपरी-चिंचवडला एवढे कारखाने असून हे आपल्याला सुचले नाही.

आणि एक गुपित. शिकागोचे लोक स्वतः रोज डीप डिश खात नाहीत. ते खातात पातळ, कुरकुरीत, चौकोनी तुकड्यांचा ‘टॅव्हर्न’ पिझ्झा. गुत्त्यात बिअरबरोबर खारे शेंगदाणे ठेवावेत तसा तो निघाला. डीप डिश गावाहून पाहुणे आले की. मुंबईकर नाही का, पाहुण्यांबरोबरच गेटवे बघतो?

तर डीप डिशचा शोध लावला कुणी? एक पक्ष म्हणतो स्यूएलने, दुसरा म्हणतो रिकार्डोने, तिसरा म्हणतो तिथे कामाला असलेल्या रूडी मालनाटीने. पक्का पुरावा कुणाकडेच नाही. ह्या तीन पुरुषांच्या भांडणात मला भेटली ॲलिस मे रेडमंड. ही कृष्णवर्णीय बाई उनोच्या मुदपाकखान्यात कणीक तिंबायची. मूळ पीठ चिवट, ताणले की आखडायचे. तिने त्यात आपली काहीतरी युक्ती घातली आणि ते ऐकायला लागले, असे सांगतात. १९६६ मध्ये दोन टॅक्सीवाले आणि त्यांचा एक मित्र ह्यांनी ‘जिनोज ईस्ट’ काढले. ह्या टॅक्सीवाल्यांना पिझ्झ्यातले काय कळणार? पण एक गोष्ट त्यांना बरोबर कळली. त्यांनी ह्या बाईला आपल्याकडे नेले. बाईबरोबर चवही गेली. मालनाटींच्या नावाची दुकाने गावभर आहेत. रेडमंडच्या नावाचे मला एकही दिसले नाही. आमच्याकडे आळीभर ‘अण्णांकडचे लोणचे’ प्रसिद्ध होते. अण्णांनी जन्मात कैरी चिरली नव्हती. काकू बरणीला दादरा बांधत आतल्या खोलीत बसलेली असायची, आणि ओटीवर अण्णा वाहवा घेत.

म्हणून चांगला डीप डिश ओळखायचा तर पाटीवरचे नाव बघू नका, तळ बघा. कड नानकटाईसारखी खुसखुशीत हवी, तळ ओला नको, टोमॅटोच्या फोडी डोळ्यांना दिसायला हव्यात. आणि पंधरा मिनिटांत आणून दिला तर उठून चालू लागा. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) असा तत्पर पिझ्झा आला, तो मधोमध कच्चा होता. पालकाचा मागवा, त्याला वर १९७४ पासून निघालेले ‘स्टफ्ड’ नावाचे आणखी एक पांघरूण असते, ते घेऊ नका, पोटाचे हाल होतात. दोन तुकड्यांवर थांबा. उरलेला बांधून आणा. सकाळी, सगळे उठायच्या आत, शिळ्या पुरणपोळीसारखा गारच खायचा, चहाबरोबर.