तव्यापासून कारभारापर्यंत

पाकशाळेतील विद्या ही पूर्वापार हातातून हातात उतरत आलेली विद्या होय. वस्तादाच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहून, त्याचे रागलोभ सोसून, आच किती आणि मीठ किती याचा अंदाज अंगात मुरवून घेणे, हीच या व्यवसायातील उमेदवारीची रीत देशोदेशी चालत आली. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील एका धंद्याने ती रीत बाजूस सारून तिच्या जागी लेखी नियम, मोजमाप आणि वर्गातील तालीम आणली. आणि ज्या व्यवस्थेचा मूळ हेतू कुशल आचाऱ्यावाचून काम भागवावे एवढाच होता, तिनेच कारभाऱ्यांची एक नवी विद्या जन्मास घातली.

कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे रिचर्ड व मॉरिस मॅकडोनल्ड या बंधूंचे उपाहारगृह १९४० पासून चांगले चालले होते. तथापि १९४८ साली त्यांनी ते काही काळ बंद ठेवले, मोटारींपर्यंत पदार्थ नेऊन देणारा नोकरवर्ग कमी केला, काचेची भांडी काढून कागदी वेष्टने आणली, आणि पदार्थांची लांबलचक यादी छाटून पंधरा सेंटांच्या हॅम्बर्गरवर सारा भर दिला. पुढे टेनिसच्या पटांगणावर खडूने स्वयंपाकघराचा आराखडा काढून, त्यात नोकरांना भाजण्याच्या, पाव लावण्याच्या आणि गुंडाळण्याच्या हालचाली करावयास लावून, कोणते यंत्र कोठे असावे हे त्यांनी निश्चित केले. कारखान्यातील श्रमविभागणी अशा रीतीने मुदपाकखान्यात शिरली.

१९५४ साली मिल्कशेक घुसळण्याची यंत्रे विकणारे रे क्रॉक हे बावन्न वर्षांचे गृहस्थ तेथे आले, आणि पुढच्याच वर्षी १५ एप्रिल रोजी शिकागोजवळील डेस प्लेन्स येथे त्यांनी त्याच मॅकडोनल्ड नावाचे आपले पहिले दुकान उघडले. परवानेदारांमार्फत गावोगाव दुकाने काढावयाची, तर हजार मैलांवरच्या दुकानातील पदार्थही मूळ दुकानासारखाच असला पाहिजे, ही त्यांच्यापुढची मुख्य अडचण होती. ती सोडविली फ्रेड टर्नर यांनी. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडलेले हे तरुण गृहस्थ १९५६ साली, स्वतः परवाना घेण्याच्या इराद्याने, डेस प्लेन्सच्या दुकानात तव्यापाशी उभे राहून काम शिकले; लवकरच क्रॉक यांनी त्यांना आपल्या कचेरीत घेतले, आणि १९५८ च्या सुमारास टर्नर यांनी ७५ पानांची कामकाजाची नियमावली सिद्ध केली.

त्या नियमावलीचा बारकावा कोणत्याही सरकारी दफ्तरास शोभण्यासारखा आहे. तव्यावर मांसाच्या टिक्क्या डावीकडून उजवीकडे सहा-सहांच्या सहा ओळींत मांडाव्यात. मात्र उलथताना प्रथम तिसरी ओळ घ्यावी, मागाहून चौथी, पाचवी व सहावी, आणि पहिल्या दोन सर्वांत शेवटी. कारण त्या दोन ओळी आचेपासून सर्वाधिक दूर असत. अनुभवी आचाऱ्याला जे त्याच्या हाताने कळले असते, ते येथे कागदावर उतरले, आणि कालपर्यंत तव्यास हात न लावलेल्या मुलालाही ते आज शिकता आले.

परंतु हात शिकविणे निराळे आणि दुकान चालविण्यास शिकविणे निराळे. यासाठी १९६१ साली इलिनॉयमधील एल्क ग्रोव्ह व्हिलेज येथे एका दुकानाच्या तळघरात टर्नर यांच्या पुढाकाराने ‘हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी’ सुरू झाली. पहिल्या तुकडीत अवघे पंधरा विद्यार्थी होते. उमेदवाराने तवा, तळण, पाव, गल्ला आणि साफसफाई ही सर्व कामे आपल्या हाताने केल्यावाचून पुढे जावयाचे नाही, हे या शिक्षणाचे अधिष्ठान होय; त्यानंतर मालाची मागणी, साठ्याचा हिशेब, नोकरांच्या पाळ्या आणि दुकान उघडण्याची व बंद करण्याची जबाबदारी येते.

या विद्येचा खरा कस त्या काळी तयार हॅम्बर्गर ठेवण्याच्या ऊबदार कप्प्यापाशी लागत असे. दहा मिनिटांत न खपलेला हॅम्बर्गर आणि सात मिनिटांत न खपलेले तळलेले बटाटे टाकून द्यावेत, असा दंडक होता. पाळीच्या कारभाऱ्याने तेथे उभे राहून, दाराकडे, रांगेकडे आणि घड्याळाकडे एकाच वेळी लक्ष ठेवून, आता किती टिक्क्या टाकावयाच्या याचा पुकारा करावयाचा. जास्त टाकल्या तर नासाडी, कमी टाकल्या तर गिऱ्हाईक ताटकळत उभे. नियमावलीने ज्या अंदाजाला तव्यावरून हद्दपार केले, तोच अंदाज येथे कारभाऱ्याच्या अंगी पुन्हा आवश्यक ठरला.

या वाटेने गेलेल्यांपैकी काही अगदी शिखरापर्यंत पोचले. टर्नर स्वतः मॅकडोनल्ड्स कंपनीचे प्रमुख झाले. नौदलात सुमारे दहा वर्षे चाकरी करून आलेले जिम स्किनर १९७१ साली इलिनॉयमधील कार्पेंटर्सव्हिल येथे व्यवस्थापनाचे उमेदवार म्हणून रुजू झाले, आणि विद्यापीठाची पदवी नसतानाही २००४ साली सर्वोच्च अधिकारपदावर बसले. त्यांच्या आधी त्याच पदावर आलेले चार्ली बेल यांनी पंधराव्या वर्षी सिडनीच्या एका दुकानात अर्धवेळ काम धरले होते. शासनसंस्थांनीही या शिक्षणाला यथावकाश मान्यता दिली. जर्मनीत १९९८ पासून साखळी-उपाहारगृहांच्या व्यवसायासाठी तीन वर्षांची रीतसर उमेदवारी आहे, तीत दुकानातील काम व व्यवसायशाळेतील पाठ बरोबरीने चालतात. आणि ब्रिटनमध्ये जानेवारी २००८ मध्ये पाळीच्या व्यवस्थापकाच्या अभ्यासक्रमास ए-लेव्हलच्या दर्जाची पात्रता देण्याचा अधिकार याच कंपनीस मिळाला. आपल्याकडे १९९६ साली या कंपनीची दुकाने दिल्ली व मुंबईस आली, तेव्हा गोमांस व डुकराचे मांस वर्ज्य ठरले, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांचे ओटे, उपकरणे व माणसे वेगळी झाली, आणि अमेरिकेत घडलेल्या शिस्तीत येथील उमेदवाराला एका नव्या विवेकाची भर घालावी लागली.

तथापि शिखरावर पोचलेल्या मोजक्यांची नावे घेताना, खालच्या पायरीवरच राहिलेल्या असंख्य जनांचा विसर पडणे हा अन्याय होईल. २०१२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमधील अशाच दुकानांतील कामगारांनी ताशी पंधरा डॉलर मजुरीसाठी संप केला, आणि त्यांची तक्रार रास्त होती. ज्या धंद्याने शिक्षणाची दारे पदवीवाचून उघडली, त्याचे ते कर्तृत्व मोठे आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण उमेदवारी ही भावी अधिकाराची आशा दाखवून आजची मजुरी कमी देण्याची सबब होऊ नये. जो उद्या कारभारी होणार नाही, त्याच्याही तव्यावरच्या श्रमाला पुरते मोल मिळावे, तेव्हाच या विद्येची प्रतिष्ठा खरी ठरेल.